बासचं सामान अन आपली मरळ : रॉड, रील, दोरी, गळ कोणते घ्यायचे आणि कसे टिकवायचे (नेहमी विचारले जाणारे प्रश्न)

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडची पोरं आजकाल मोबाईलवर अमेरिकेतले बास फिशिंगचे व्हिडिओ पाहतात आणि मग तेच सामान मागवतात, काही कामाचं निघते, काही नुसतं खुंटीला लटकून राहते. तेच तेच प्रश्न येतात म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवतो. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो, पाणी कोणतं आणि मासा कोणता हे आधी ठरवा, कंपनी मागून पहा.

हा बास मासा आपल्या तलावात भेटते का?

नाही भेटत. लार्जमाउथ बास हा उत्तर अमेरिकेतला मासा. जपानमध्ये तो १९२५ साली आशी तलावात नेऊन सोडला, तिथून पसरला, आता तिकडे तो परका उपद्रवी मासा म्हणून कायद्याने नको असलेल्यांच्या यादीत आहे. गंमत म्हणजे जगातला सगळ्यात मोठा बास म्हणून जे दोन मासे बरोबरीत धरले आहेत त्यातला एक जॉर्जियात १९३२ साली जॉर्ज पेरीने पकडलेला आणि दुसरा २००९ साली जपानच्या बिवा तलावात मनाबू कुरिताने, दोन्ही साधारण १० किलोचे. कुरिताचा थोडा जास्तच भरला होता पण नियमात २ औंसचा फरक लागते, तेवढा नव्हता म्हणून बरोबरी.

तर बास नाही, पण मरळ आहे. आणि मरळीचं वागणं बासच्या बरंच जवळचं, म्हणजे कमळाच्या पानाखाली, बेशरमच्या झुडपात, बुडालेल्या खोडाजवळ दबा धरून बसायचं आणि वरून काही हललं की झडप घालायची. म्हणून बासचं पुष्कळ सामान मरळीला जसंच्या तसं चालते. फरक एवढाच की मरळीचं तोंड हाडाचं, कडक, दात बारीक पण टोकदार, त्यामुळे गळ जाडा आणि धारदार लागते आणि रॉडमध्ये थोडा जास्त दम लागते.

मले एकच रॉड घ्याचा हाय, सगळ्याले चालन असा. कोणता घेऊ?

साडेसहा ते सात फुटाचा, मीडियम हेवी, फास्ट अॅक्शनचा स्पिनिंग रॉड. बोडीच्या (छोट्या तलावाच्या) पाळीवर मागे बाभळी असल्या तर सहा फुटाचा बरा पडते, नाहीतर प्रत्येक वेळी मागच्या फांदीतच गळ अडकते.

घेताना मुठीच्या वर बारीक अक्षरात काय छापलं आहे ते वाचा, दुकानदार सांगो न सांगो. तिथे दोन आकडे असतात, एक दोरीचा पौंडात, दुसरा ल्युअरच्या (म्हणजे नकली आमिषाच्या) वजनाचा औंसात किंवा ग्रॅममध्ये. १ औंस म्हणजे २८ ग्रॅम, १ पौंड म्हणजे जवळपास ४५० ग्रॅम. रॉडवर ७ ते २८ ग्रॅम लिहिलं असेल आणि तुम्ही त्याला ५० ग्रॅमचं शिसं लावून जोरात फेकलं तर टोक तुटणारच, मग कंपनीला शिव्या देऊन फायदा नाही. उलटही होते, हेवी रॉडने ४ ग्रॅमचं ल्युअर दहा फुटाच्या पुढे जात नाही.

मीडियम हेवी म्हणजे रॉडचा दम किती ते, आणि फास्ट म्हणजे तो कुठून वाकते ते. फास्ट रॉड फक्त टोकाकडून वाकते, त्यामुळे झटका दिला की लगेच गळ रुतते, मरळीच्या कडक तोंडाला हेच पाहिजे. रोहू-कतल्याले मात्र मऊ रॉड चांगला, आठ-नऊ फुटाचा, अर्ध्यातून वाकणारा, कारण रोहूचं तोंड नाजूक आणि जोरात ओढलं की गळ फाडून निघून जाते. दोन्ही एका रॉडने करता येते पण मग रोहूच्या वेळी रीलचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढतो तेव्हा दोरी सोडणारा ब्रेक, ढिला ठेवायचा.

कार्बनचा की फायबरचा?

कार्बन हलका, हातात मासा टोचल्याचंही समजते, पण दगडावर आपटला किंवा गाडीच्या दारात आला की संपला. फायबर जड आणि सुस्त, पण पोरासोरांच्या हातात टिकते. पहिला रॉड फायबरचा किंवा मिक्स घेतला तरी चालते.

पण कार्बनबद्दल एक गोष्ट नीट ऐका. कार्बनमधून करंट जाते. आपल्याकडे तलावाच्या पाळीवरून, नहराच्या काठाने ११ केव्हीच्या तारा गेलेल्या असतात आणि कुठे कुठे त्या चांगल्याच लोंबलेल्या असतात. तिथे सात फुटाचा रॉड उभा धरून चालायचं नाही, आडवा धरा किंवा दोन तुकडे करूनच घेऊन जा. तसंच रोहिणी-मृगाच्या आभाळात गडगडायला लागलं की रॉड खाली ठेवा आणि काठावरून निघा. मोकळ्या पाळीवर तुम्हीच सगळ्यात उंच असता. आणि हो, तशा वेळी झाडाखाली उभं राहू नका.

स्पिनिंग रील की बेटकास्टर? व्हिडिओत तर सगळे बेटकास्टरच वापरतात.

ते लोक रोज तेच करतात भाऊ. बेटकास्टरमध्ये स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळलेलं चाक, स्वतः फिरते, ल्युअर पाण्यावर टेकलं आणि तुम्ही अंगठा नाही दाबला की स्पूल फिरतच राहते आणि दोरीचा असा गुंता होते की संध्याकाळ सोडवण्यातच जाते. हलक्या ल्युअरला तर अजूनच वाईट. सुरुवातीला ३००० साईझचं स्पिनिंग रील घ्या, मरळ, रोहू, शिंगटा सगळ्याले पुरते. मोठ्या नदीच्या डोहात शिवड्यासाठी बसायचं असेल तर ४००० किंवा ५०००.

बेटकास्टर घ्यायचंच असेल तर आधी ल्युअर बांधून बटन दाबा, ल्युअर हळूहळू खाली गेलं पाहिजे आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबलं पाहिजे, तसं होईपर्यंत बाजूचा छोटा नॉब पिळा, आणि ब्रेक सुरुवातीला वाढवूनच ठेवा. जाड कमळातून मरळ ओढून काढायला मात्र बेटकास्टरसारखं दुसरं काही नाही, हेही खरं.

डब्यावर १२ बेअरिंग, १३ बेअरिंग लिहिलेलं असते त्याला भुलू नका. स्वस्तातली १३ बेअरिंगपेक्षा चांगली ४ बेअरिंग जास्त दिवस चालतात. दुकानात हँडल धरून उजवी-डावीकडे हलवून पहा, खडखड करत असेल तर ठेवून द्या. वरची तार उघडबंद करून पहा, ड्रॅग हाताने ओढून पहा, दोरी सलग सुटली पाहिजे, अडकत अडकत नाही.

ड्रॅग किती टाईट ठेवाचा?

दोरी जेवढ्या वजनाला तुटते त्याच्या पाव ते तिसरा हिस्सा. म्हणजे २० पौंडाची, साधारण ९ किलोची दोरी असेल तर ड्रॅग अडीच-तीन किलोला सुटला पाहिजे. घरी बॅग मोजायचा लटकता काटा असेल तर दोरी त्याला बांधून रॉड वाकवून ओढा, आकडा दिसते. कमळात, बेशरममध्ये मरळ लागली तर मात्र हे गणित सोडा, तिला एक हातभर दोरी दिली तरी ती देठात घुसून बसते. तिथे जाड ब्रेड (विणलेली दोरी), ड्रॅग जवळपास बंद आणि पहिल्या दोन सेकंदात तिचं डोकं वर. घरी आल्यावर ड्रॅग ढिला करून ठेवा, आतल्या वॉशर दबून राहिल्या तर पुढच्या वेळी ड्रॅग झटके देते.

दोरी कोणती? नायलॉन, ब्रेड का फ्लोरो?

माझं मत विचारलं तर पैसे रॉडवर कमी आणि दोरी-गळावर जास्त घाला. मासा आणि तुमच्यामध्ये तेवढंच असते.

नायलॉन म्हणजे मोनो, स्वस्त, ताणते, गाठ चांगली बसते, रोहू-मृगळला एकदम बरोबर. पण ऊन लागून लागून ती कडक आणि कमजोर होते, दिसायला चांगली दिसते आणि हाताने ओढली की पट्कन तुटते. दर हंगामाला बदला.

ब्रेड पातळ असूनही दमदार, ताणत नाही, तरंगते, म्हणून कमळावर फ्रॉग (रबरी बेडूक) चालवायला तीच. मरळीसाठी ३० ते ४० पौंडाची घ्या. ब्रेड थेट गुळगुळीत स्पूलवर गुंडाळू नका, अख्खा गोळा आतल्या आत फिरते आणि तुम्हाला वाटते ड्रॅग खराब झाला. आधी थोडी नायलॉन किंवा एक चिकटपट्टी, मग ब्रेड. गुंडाळताना ओल्या फडक्यात धरून ताण देत गुंडाळा. स्पूल काठापासून दोन-तीन मिलिमीटर कमी भरा, गच्च भरलं तर फेकताना दोरीचे वेटोळे एकदम बाहेर येतात.

फ्लोरोकार्बन पाण्यात कमी दिसते आणि बुडते, पण आपल्या गढूळ पाण्यात त्याचे पैसे वसूल होत नाहीत. स्वच्छ धरणाच्या पाण्यात लीडर (गळाकडचा शेवटचा तुकडा) म्हणून हात-दीड हात लावली तर ठीक. शिवड्याच्या दातांसाठी बारीक तारेचा लीडर पाहिजे, तो नसेल तर जाड नायलॉन, तेही प्रत्येक माशानंतर तपासायचं.

आणि एक सवय लावून घ्या. गळाच्या वरची तीन फूट दोरी बोटाच्या चिमटीत धरून हळूच ओढत न्या, डोळे मिटून. कुठे खरखरीत लागलं की तिथून कापा आणि नवी गाठ मारा. दगड, शिंपले, मरळीचे दात, सगळ्याची खूण तिथेच राहते, डोळ्याला दिसत नाही पण बोटाला समजते.

गाठ कोणती मारू? माझी गाठच सुटते.

पालोमर शिका, एवढी एकच आली तरी पुष्कळ. दोरी दुहेरी करा, गळाच्या डोळ्यातून दुहेरीच काढा, साधी सैल गाठ मारा, आता जो फासा उरला त्यातून अख्खा गळ घाला, थुंकी लावून ओलं करा आणि दोन्ही दोऱ्या धरून ओढा. कोरडी गाठ ओढली की घासून गरम होते आणि नायलॉन तिथेच कमजोर पडते, तुमची गाठ सुटण्याचं नाही तर तुटण्याचं कारण बहुतेक हेच असेल, टोक पहा, कुरळं झालेलं असेल तर गाठ सुटली आणि सरळ तुटलेलं असेल तर दोरी गेली.

गळाचे नंबर समजतच नाहीत, १ मोठा का १० मोठा?

१ मोठा, १० लहान. साधा आकडा जेवढा मोठा तेवढा गळ लहान. पण १ च्या पुढे शून्य लागलं की उलटं चालते, १/०, २/०, ३/० असे मोठे मोठे होत जातात. छोटी मासोळी, टेंगरे यांना १० ते १२, रोहू-मृगळला ४ ते ८, मरळीला १/० ते ३/०. कंपनी बदलली की माप थोडं बदलते. मुस्टाड ही नॉर्वेची कंपनी १८७७ पासून गळ बनवते आहे, आपल्याकडेही त्यांचा माल भेटतो पण नकली पाकिटंही फिरतात. खरा-खोटा कसा ओळखायचा? पक्कडीने धरून थोडा वाकवा. चांगला गळ परत जागेवर येते, हलका एकतर वाकलेलाच राहते नाहीतर कट्‌कन मोडते.

मरळीसाठी ल्युअर कोणतं?

पोकळ रबरी बेडूक. बाकी सगळं त्याच्यानंतर. अमेरिकेतले बासचे फ्रॉग मोठे असतात, आपल्या मरळीला चार-पाच सेंटिमीटरचा, ८ ते १२ ग्रॅमचा बरा. त्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटून वर असतात, त्यामुळे कमळाच्या पानावरून घसरत येते आणि अडकत नाही. मरळीने दाबला की पोट चपटं होते आणि गळ बाहेर येतात. म्हणून घेताना बोटाने दाबून पहा, कडक रबराचा फ्रॉग मरळीच्या तोंडात दबतच नाही आणि मग नुसते छपाके होतात, मासा काही लागत नाही. गळाची टोकं पक्कडीने अगदी थोडी बाहेर वाकवली तरी फरक पडते.

चालवायचा कसा? मरळ हवेतला श्वास घ्यायला अधूनमधून वर येते, बुडबुडे दिसतात, पानं हलतात. त्या जागेच्या दोन-तीन हात पलीकडे टाका, एकदम वर नाही. पानावर बसू द्या. मग टुक टुक टुक आणि पानाच्या कडेला मोकळं पाणी आलं की थांबा, बहुतेक झडप तिथेच येते. पाणी फाटल्यासारखा आवाज होते आणि हात आपोआप झटका देते, तिथेच सगळं बिघडते. एक श्वास थांबा, दोरी पळायला लागली, रॉडला वजन आलं की मग ओढा, पूर्ण ताकदीने.

फ्रॉगमध्ये पाणी शिरते, दर थोड्या वेळाने दाबून काढा. उघड्या पाण्यात स्पून, स्पिनर ही चमकणारी ल्युअरं, खोल डोहात मासोळीच्या आकाराचं मिन्नो. फिनलंडच्या लॉरी रापालाने १९३६ च्या सुमारास हाताने कोरून ल्युअर बनवलं होतं, वर चॉकलेटची चांदी आणि फोटोच्या निगेटिव्हचा वितळवलेला थर, तर आपल्या काटेसावरीच्या हलक्या लाकडाचा पॉपर (पाण्यावर तरंगणारं ल्युअर) घरी कोरायला काय हरकत आहे, फक्त रंग देऊन वॉर्निश नीट मारा नाहीतर पाणी पिऊन बुडते.

आजोबाची बांबूची काठी आता फेकून द्याची का?

कायले फेकता! धानाच्या बांधीतल्या पाण्यात, नाल्यावर, गांडूळ लावून तरंगा सोडायला तिच्यासारखं काही नाही. पक्का, पावसाळ्यानंतर तोडलेला बांबू सावलीत वाळवा, वर्षातून एकदा जवसाचं तेल चोळा, उभी किंवा छताला आडवी बांधून ठेवा. जमिनीवर टाकली की उधई लागते, भुंगाही लागते. टोकाला दोरी बांधताना ती काठीवरून खालपर्यंत घेऊन मुठीजवळ बांधा, टोक मोडलं तरी मासा हातात राहते.

उन्हाळ्यात सामान कुठं ठेवू?

आपल्याकडे ४५-४६ डिग्री म्हणजे काही विशेष नाही, त्यात टिनाच्या छपराखाली किंवा बंद गाडीत तर विचारूच नका. रॉडचे जोड आणि रिंगांचा गोंद ढिला पडते, नायलॉन कडक होते, आणि रबरी गांडुळं तर वितळून एक गोळा होतात. हे प्लास्टिकचे गांडूळ १९४९ मध्ये ओहायोतल्या निक क्रीमने आणले, तेव्हापासून त्यांचा एक स्वभाव बदललेला नाही, कडक प्लास्टिकच्या डब्यात ठेवले की डबाही खातात, शेजारच्या ल्युअरचा रंगही खातात. ज्या पाकिटात आले त्याच पाकिटात ठेवा. वेगवेगळ्या रंगाचे एकत्र नको, काळ्याशेजारी पांढरा दोन दिवसात मळका होते.

मातीच्या भिंतीची आतली खोली सगळ्यात चांगली. रॉड भिंतीला तिरपा टेकवू नका, वाक येते. कॉर्कची मूठ असेल तर उंदरापासून सांभाळा, माशाचा वास लागला की कुरतडतात.

रील कधी खोलाचं? खोललं की एक नट उरतेच.

मग खोलू नका. प्रत्येक वेळी वरून ओल्या फडक्याने पुसा, जोराच्या धारेखाली धरू नका, धारेने चिखल आणि रेती उलट आत जाते. दोरी जिथून वळते त्या बारीक रोलरवर आणि हँडलच्या मुठीत एक थेंब हलकं मशीन ऑईल, बस. तो रोलर फिरतो का पहा, जाम झाला की तिथेच दोरी घासून कापली जाते आणि लोक दोरीला दोष देतात. गिअरमध्ये ऑईल नाही, ग्रीस, तेही थोडं, वर्षातून एकदा. खोलायचंच असेल तर मोबाईलने प्रत्येक पायरीचा फोटो काढत जा आणि ताटात क्रमाने मांडा. गंज सोडवायचा जो स्प्रे भेटतो तो साफ करायला ठीक, पण तेल म्हणून त्याच्यावर राहू नका, लवकर उडून जाते. ड्रॅगच्या वॉशरवर तर अजिबात मारू नका.

रॉडचे दोन तुकडे अडकले, निघतच नाहीत.

पिळू नका, सरळ ओढा. दोघांनी धरा, दोघांचाही एक हात प्रत्येक तुकड्यावर, आणि सोबत ओढा. आतल्या जोडावर जरा मेणबत्ती घासून ठेवली की पुढे असं होत नाही.

सोबत रिंगाही पहा. कापसाचा बोळा प्रत्येक रिंगमधून फिरवा, धागा अडकला म्हणजे आत चीर आहे, आणि ती चीर ब्रेडला ब्लेडसारखी कापते.

गळाला धार कशी पाहायची?

अंगठ्याच्या नखावर टोक हलकं ओढा. घसरलं तर बोथट, रुतलं तर बरोबर. बारीक कानशीने टोकाच्या दिशेने दोन-चार वेळा घासा. गंजलेला गळ घासत बसू नका, टाकून द्या. ल्युअर ओलेच डब्यात टाकले की एका गळाचा गंज सगळ्यांना लागते, घरी आल्यावर डबा उघडा ठेवा, बुटाच्या डब्यात येते ती सिलिकाची पुडी ठेवून द्या त्यात.

बोटात गळ घुसला तर?

उलटा ओढू नका, टोकाजवळचा उलटा काटा अजून फाडते. टोक बाहेर यायच्या बेतात असेल तर पुढे ढकलून बाहेर काढा, काटा कटरने कापा आणि मग मागे घ्या. खोल असेल, सांध्यात असेल, डोळ्याजवळ असेल तर हात न लावता दवाखाना. धनुर्वाताचं इंजेक्शन दोन्ही वेळी घ्याच. म्हणून पक्कड-कटर खिशात पाहिजे, घरी नाही.

लाल पिल्लांचा घोळका दिसला की खाली मरळ असतेच म्हणतात, टाकू का?

असतेच, आणि लगेच लागतेही, पिल्लं राखत असते म्हणून. पण मायबाप काढले की बाकी मासे आणि बगळे मिळून दोन दिवसात तो घोळका साफ करतात. पावसाळ्याचे ते दिवस सोडून द्या. मला तरी हे पकडणं वाटत नाही.

कुठं गळ टाकाचा नाही?

पेंच, ताडोबा, नवेगाव-नागझिराच्या संरक्षित हद्दीत अजिबात नाही, तोतलाडोहाचं पाणी कितीही भरलेलं दिसो. वन्यजीव कायदा १९७२ चा आहे आणि केस खरीखुरी होते. गावातले मामा तलाव म्हणजे जुने मालगुजारी तलाव बहुतेक मच्छीमार सोसायटीकडे ठेक्याने असतात, त्यात ढिवर लोकांनी पैसे भरून बीज टाकलेलं असते, विचारल्याशिवाय टाकू नका. विचारलं तर बरेचदा हो म्हणतात, मरळ कुठे बसते तेही सांगतात. शिंगाड्याच्या वेलीत ल्युअर ओढू नका, ते कुणाचं तरी पीक आहे.

जुनी दोरी काठावर टाकली तर काय बिघडते?

गोंदिया-भंडाऱ्यात महाराष्ट्रातले सारस उरले आहेत, ते धानाच्या बांधीत आणि तलावाच्या काठावरच फिरतात. पायात नायलॉन अडकली की ती आपोआप निघत नाही. तुटकी दोरी जुन्या बाटलीत भरून घरी आणा. आणि शिशाचे मणी दाताने दाबू नका, पक्कड आहे ना.

पोरासाठी पहिला सेट किती पर्यंत घेऊ?

दोन-अडीच हजारात होऊन जाते. सहा फुटाचा फायबर रॉड, २००० किंवा ३००० चं साधं स्पिनिंग रील, १५ पौंडाची नायलॉन, ६ नंबरचे गळ, दोन तरंगे, थोडं शिसं, एक पक्कड. ल्युअर सध्या नको. शंभर तुकड्यांचा किट बॉक्स ऑनलाईन दिसते तो तर बिलकुल नको, त्यातले अर्धे गळ पहिल्याच मोठ्या माशाला सरळ होतात. गांडूळ किंवा ढेप घालून मळलेली कणीक लावून नाल्यावर बसवा त्याले, लहान मासे लागू द्या, फ्रॉग पुढच्या वर्षी.